आत गेला तरच टाळी

एकदा एक नामांकित बास्केटबॉलपटू आपल्या वृद्ध गुरूंना हात दाखवायला आला. ज्योतिषाला दाखवतात तसा नव्हे हो! ज्या उजव्या हातावर त्याचं नाव, त्याची भाकरी आणि त्याचा संसार उभा होता, तोच हात ऐन मोक्याला दगा देऊ लागला होता, म्हणून. दृष्टांत म्हटला की तुम्हाला पिंपळाचा पार हवा असतो आणि दाढीवाले ऋषी हवे असतात, हे ठाऊक आहे. इथं शाळेमागचं सिमेंटचं मैदान आहे, जाळी केव्हाच झडून गेलेली रिंग आहे आणि गुरू सफारी घालतात. त्याला काही इलाज नाही.

खेळाडूचं नाव मकरंद. वय तेहेतीस. याच तालुक्याच्या गावात, याच मैदानावर, तेराव्या वर्षी त्यानं पहिला चेंडू हातात धरला होता. पुढे तो मोठ्या शहरात गेला, व्यावसायिक संघात शिरला, दरवर्षी करार होऊ लागले, चार वर्षांपूर्वी कॅप्टन झाला. गावात त्याचं नाव घेताना लोक छाती पुढे काढत.

आणि अशा माणसाचा हात रेषेवर गोठू लागला. ही रेषा कोणती, ते सांगतो. या खेळात कोणी आडदांडपणे अडवलं की पंच शिट्टी वाजवतात आणि ज्याला अडवलं त्याला रिंगसमोरच्या रेषेवरून सहसा दोन मोकळ्या फेकी मिळतात. कोणी आडवं यायचं नाही, कोणी धक्का द्यायचा नाही. सगळे जागच्या जागी उभे, आणि एकटा माणूस, एक चेंडू, समोर रिंग. दिसायला इतकं सोपं की प्रेक्षकांतल्या आजीबाईंनाही वाटावं, अगं बाई, हे तर मीसुद्धा टाकीन! पंधरा वर्षं मकरंद त्या रेषेचा राजा होता. या हंगामात काय झालं कोण जाणे. उपांत्य सामन्यात सहा फेकी मिळाल्या, त्यांतल्या पाच बाहेर. सहावी रिंगवर दोनदा नाचून, उपकार केल्यासारखी आत पडली. सोबत्यांनी खेचून सामना जिंकला म्हणून लाज राहिली.

दुसऱ्या दिवशी कोचनं त्याला बाजूला घेतलं. कोच सरळ बोलणारा माणूस होता.

"शनिवारी अंतिम सामना. ते लोक मुद्दाम तुलाच पाडणार, मकरंद. तू रेषेवर गेलास की त्यांचं काम झालं, हे आता सगळ्यांना कळलंय. शुक्रवारी सरावात मी तुझा हात बघतो. सुधारला नसेल तर पहिल्या पाचांत तू नाहीस."

मकरंदचा करार त्याच महिन्यात संपत होता. तेहेतिसाव्या वर्षी अंतिम सामन्यात बाकावर बसलेल्या खेळाडूला नवा करार कोण देतो? हे कोच बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. बुधवारी सकाळी गाडी काढून मकरंद गावी गुरूंच्या, म्हणजे शाळेतल्या सरांच्या, दारात उभा राहिला.

सरांचं वय एकोणऐंशी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, मैदानाच्या कुंपणाला लागून घर. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून कंबरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून हातात काठी. घरातल्या घरात चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगी मंदाताई त्यांच्यापाशी राहायची आणि डॉक्टरांपेक्षा कडक होती. मकरंदनं सगळी कर्मकथा ऐकवली. सर ऐकत राहिले. चहा संपला तसे म्हणाले, "चल मैदानावर."

"बाबा!" मंदाताई आतून म्हणाल्या. "मैदानावर नेऊन काय करणार? बसल्या जागी सांगा की त्याला काय ते."

"बसूनच सांगतो. बाक आहे तिथं," सर म्हणाले, आणि निघाले.

बाक मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत. सर त्यावर बसले, काठी गुडघ्यांत उभी धरली. मकरंद रेषेवर जाऊन उभा राहिला. चैत्रातलं ऊन दहा वाजताच चटके देऊ लागलं होतं.

"टाक," सर म्हणाले.

मकरंदनं चेंडू दोनदा आपटला, श्वास घेतला, टाकला. रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून चेंडू उडाला आणि कुंपणाकडे गेला. त्यानं ओशाळून सरांकडे पाहिलं. सर उठत होते. काठी टेकत, एक पाय किंचित ओढत, ते बाकापासून रेषेपर्यंत आले. बावीस पावलं होती ती. मकरंदनं नंतर मोजली. त्याला वाटलं, आता सर मनगट धरून दाखवतील, कोपर आत ढकलतील. सरांनी उजवा हात पुढे केला, त्याच्या तळव्यावर एक हलकी टाळी दिली, आणि पाठ फिरवून परत बावीस पावलं चालत बाकावर जाऊन बसले.

"टाक."

दुसरा चेंडूही बाहेर. सर पुन्हा उठले, पुन्हा आले, टाळी, पुन्हा गेले. तिसरा आत गेला. मकरंदला वाटलं, चला, आता तरी सर बसल्या जागी मान हलवतील. छे! सर उठले, तितक्याच पावलांनी आले, तितकीच हलकी टाळी दिली. ना कणभर जास्त, ना कमी.

ही टाळी म्हणजे काही सरांचा शोध नव्हता. बास्केटबॉलमध्ये हा रिवाजच आहे. मोकळी फेक टाकून झाली की आसपास उभे असलेले सोबती पुढे होतात आणि फेकणाऱ्याच्या हातावर टाळी देतात. चेंडू आत गेला तरी देतात, बाहेर गेला तरी देतात. शाळेच्या पोरांपासून मोठ्या संघांपर्यंत सगळीकडे हेच. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की फेकणारा न बघताच हात पुढे करतो. मकरंदलाही ती याच मैदानावर याच सरांनी शिकवली होती.

आणि मकरंदनंच ती आपल्या संघात बंद केली होती. दोन वर्षांपूर्वी संघाचे मालक बदलले, जो तो आपापल्या कराराच्या धास्तीत खेळू लागला, फेकी चुकू लागल्या. तेव्हा कॅप्टन या नात्यानं त्यानं सगळ्यांना बसवून सुनावलं होतं, "उठसूट टाळ्या वाजवायला आपण भजनाला बसलेलो नाही. चूक करायची आणि वर टाळी घ्यायची, हे लाड यापुढे बंद. आत गेला तरच टाळी. बाहेर गेला तर ज्यानं त्यानं आपल्या जागेवर उभं राहायचं." कोच खूश झाला. त्या हंगामात फेकी खरोखर सुधारल्या. वर्तमानपत्रांनी या कठोर शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मकरंदनं ती कात्रणं जपून ठेवली.

त्याच हंगामात रोहिदास नावाचा वीस वर्षांचा नवा खेळाडू संघात आला. आदिवासी पाड्यावरचा, लाजरा, हरणासारखा पळणारा. पहिल्याच सामन्यात त्याची फेक चुकली आणि सवयीनं त्याचा हात पुढे आला, थेट कॅप्टनसमोर. मकरंदनं त्या हाताकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे पाहिलं, आणि तो जागचा हलला नाही. तो हात तसाच अधांतरी राहिला. टीव्हीवर ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. काही लोक हसलेसुद्धा.

तर इकडे मैदानावर सहा फेकी झाल्या, सात झाल्या. ऊन तापत चाललं. सरांच्या कानशिलावरून घामाची धार लागली. बाकावरून उठताना त्यांना आता दोन झोके घ्यावे लागत होते.

"सर, माझा हात बघा ना," मकरंद काकुळतीनं म्हणाला. "कोपर बाहेर जातंय का? तेवढं सांगा. शुक्रवारी माझी परीक्षा आहे."

"टाक."

आठवी बाहेर. सर उठले. ते निम्म्यात येण्याआधीच मकरंद लगबगीनं त्यांच्याकडे निघाला, म्हाताऱ्या माणसाची पावलं तरी वाचावीत म्हणून. सर जागीच थांबले आणि त्यांचा तो जुना पी.टी.चा आवाज मैदानावर कडाडला. "रेषेवर उभा राहा! फेकणाऱ्यानं जागा सोडायची नसते. यायचं काम दुसऱ्यांचं."

मकरंद वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा मागे सरकला आणि रेषेवर उभा राहिला.

कुंपणाच्या फाटकाशी मंदाताई येऊन उभ्या होत्या, हातात छत्री. "बाबा, पुरे झालं हं आता! आणि मकरंद, तुला तरी काही वाटतं का? त्यांच्या कंबरेत खिळे आहेत रे, खिळे!"

"मी काय करू, ताई? ते ऐकत नाहीत!"

"मग तू टाकू नकोस!"

हे मात्र मकरंदला सुचलं नव्हतं. त्यानं चेंडू काखेत धरला. "सर, मी नाही टाकत. मी टाकला की तुम्ही उठणार."

"नको टाकू," सर शांतपणे म्हणाले. "पण शनिवारी टाकावा लागेल."

या वाक्यानं त्याच्या डोक्यात तिडीक गेली. इथं हा माणूस आपलं हाड पुन्हा मोडून घ्यायला निघालाय, तिथं माझं पंधरा वर्षांचं आयुष्य टांगणीला लागलंय, आणि कोणी एक सरळ शब्द सांगायला तयार नाही! त्यानं रागातच चेंडू फेकला. चेंडू रिंगमागच्या फळीवर आदळला, रिंगला शिवलासुद्धा नाही. सर उठले. अकराव्या पावलाला काठी सिमेंटच्या फटीत अडकली, सर पुढे झुकले, एक गुडघा जमिनीला टेकला. मंदाताई किंचाळल्या आणि छत्री टाकून धावल्या. मकरंद धावला.

"रेषेवर!" गुडघ्यावर बसलेले सर ओरडले.

आणि काय सांगावं, एवढा सहा फूट चार इंचांचा गडी, तोंडात मारल्यासारखा थबकला. सर मंदाताईंच्या खांद्याला धरून उठले. त्यांना बाजूला सारून काठी टेकत उरलेली अकरा पावलं चालून आले. हात पुढे केला.

मकरंदचा बांध फुटला. "कशाला येता, सर? चुकलं ना! दिसलं ना तुम्हाला चुकलेलं? मग टाळी कसली देता? चुकलेल्या फेकीला कोणी का यावं?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ते ओळखीचं वाटलं. संघाला बसवून सुनावलं होतं, त्या दिवसाचा सूर होता तो. त्याची मान खाली गेली.

सर काठीवर दोन्ही हात ठेवून दम घेत उभे राहिले. मग म्हणाले, "त्या मुलाचं नाव काय रे? हात पुढे करून उभा राहिला होता तो."

"रोहिदास."

"रोहिदास. मी ते टीव्हीवर बघितलं. सगळे चेंडू बघत होते, मी त्याचा हात बघत होतो. अरे बाबा, गेलेल्या चेंडूचं आता काय व्हायचंय? त्याला बक्षीस देऊन उपयोग नाही आणि शिक्षा करूनही नाही. ही टाळी चेंडूला कधी नव्हतीच. ज्या माणसाला अजून एक चेंडू टाकायचा आहे, त्याला ती असते. आम्ही आहोत, टाक, एवढंच तिच्यात सांगायचं असतं. ते तू बंद केलंस. भीतीनं पोरं नीट टाकतील असं तुला वाटलं. टाकली असतील, एखादा हंगाम. पण तुझा हात बिघडलेला नाही, मकरंद. कोपर सरळ आहे, मनगट छान सुटतंय. चेंडू हातातून सुटायच्या आधीच तुला पुढचं दिसतं, की चुकला तर कोणी येणार नाही. आणि कोणी येणार नाही, हे तुझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ठरवलंस तूच ना!"

एवढं बोलून त्यांनी उजवा हात मकरंदच्या तळव्यावर टेकवला आणि या खेपेला बाकाकडे न जाता मंदाताईंच्या आधारानं घराकडे वळले. त्यांना अंथरुणावर निजवल्यावर मंदाताई बाहेर आल्या आणि मकरंदकडे पाठ करून मैदानात पडलेली छत्री आणायला गेल्या. तो पाया पडून निघाला तेव्हा आतून सरांचं कण्हणं ऐकू येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, कळलं ना त्याला? मग शुक्रवारी जाऊन संघाला सांगितलं असेल की नियम रद्द, आणि झालं सगळं गोड! कळणं इतकं स्वस्त असतं का? शुक्रवारी सरावात रिकाम्या कोर्टावर त्याच्या दहांतल्या आठ फेकी आत गेल्या. कोच म्हणाला, "ठीक. खेळशील." सगळे पाणी पीत बसले होते, मकरंदनं तोंडही उघडलं. आणि समोर रोहिदास दिसला, बुटांची नाडी बांधणारा. मकरंदच्या मनात आलं, आज मी नियम मोडला तर हा काय म्हणेल? स्वतःच्या फेकी आत जात होत्या तोवर शिस्त, आणि स्वतःच्या चुकायला लागल्या की लगेच टाळी सुरू! तो असं म्हणाला तर त्यात खोटं काय? मकरंदनं तोंड मिटलं आणि बाटलीचं झाकण लावत राहिला.

शनिवारचं कोर्ट खच्चून भरलेलं. पाच-सहा हजार माणूस, ढोल, शिट्ट्या. कोच म्हणाला होता तसंच झालं. दुसऱ्या भागात प्रतिस्पर्ध्यांनी मकरंदला उघडउघड पाडला. तो रेषेवर गेला. पहिली बाहेर. कोणी हललं नाही, नियम होता. दुसरी बाहेर. सोबती डोळे चुकवत माघारी पळाले. प्रेक्षकांत कोणीतरी त्याच्या नावानं हुर्यो केली. कोचनं बाकावरच्या राखीव खेळाडूकडे पाहिलं, ते मकरंदला दिसलं.

शेवटच्या भागात सहा मिनिटं उरली असताना रोहिदास पडला. दोन फेकी. संघ तीन गुणांनी मागे. मकरंद लांब, तीन गुणांच्या मोठ्या कमानीच्या बाहेर उभा होता. रोहिदासची पहिली फेक रिंगच्या कडेला लागून बाहेर उडाली. त्यानं हात शॉर्ट्सला पुसला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. हात पुढे करायची सवय त्यानं दोन वर्षांपूर्वीच सोडली होती. ती कोणी सोडवली, हे मकरंदला पक्कं माहीत होतं.

मकरंदची पावलं निघाली. लोक काय म्हणतील, रोहिदास काय म्हणेल, सगळं मनात तसंच होतं, तरी निघाली. आपल्याकडे कॅप्टन येतोय म्हटल्यावर रोहिदासचा चेहराच उतरला.

"सॉरी, दादा," तो पुटपुटला. "दुसरी घालतो. नक्की घालतो."

त्याला वाटलं, हा रागवायलाच आला. मकरंदनं हात पुढे केला. रोहिदास त्या हाताकडे नुसता बघत राहिला. एक क्षण गेला, दोन गेले. हजारो लोकांसमोर कॅप्टनचा हात अधांतरी उभा होता आणि समोरून काही येत नव्हतं. तेव्हा कुठे मकरंदला समजलं की त्या दिवशी त्या पोराला काय वाटलं असेल. सरांनी मैदानावर सांगितलं होतं ते सगळं खरं होतं, पण ते आत उतरलं ते या दोन क्षणांत. पंच चेंडू हातात घेऊन खोळंबले होते.

"घाल किंवा नको घालू," मकरंद म्हणाला. "मी त्यासाठी नाही आलो. माझी चूक झाली होती, रोहिदास. तेव्हाच यायला हवं होतं."

रोहिदासनं डोळे वर केले. मग त्याचा हात आला, चाचरत, आणि तळव्याला तळवा लागला. त्याची दुसरी फेक आत गेली. मकरंदनं ती बघितलीही नाही, तो आपल्या जागेकडे परत चालला होता.

सात सेकंद उरले. संघ एका गुणानं मागे. आणि चेंडू नेमका मकरंदच्या हातात असताना त्याला पाडला. शहाणेच होते ते लोक! दोन फेकी. दोन्ही आत तर विजेतेपद, एक आत तर बरोबरी, दोन्ही बाहेर तर संपलं, सामनाही आणि बहुधा मकरंदही. कोर्टभर इतका गोंगाट की स्वतःचा श्वास ऐकू येईना. त्यानं चेंडू दोनदा आपटला. टाकला.

बाहेर.

तो रिंगकडे बघत उभा राहिला. मागे वळायचं धाडस होईना. वळलो आणि सगळे जागच्या जागी दिसले, तर? बुटांचा आवाज आला, धावत येणाऱ्या बुटांचा. रोहिदास कोर्टाच्या अर्ध्यातून, सगळ्यांत लांबून, धापा टाकत आला होता. त्यानं मकरंदच्या तळव्यावर टाळी दिली. "टाका, दादा." मागोमाग बाकीचे तिघंही आले, आधी जरा संकोचून, मग घाईनं. चौघांच्या चार टाळ्या.

दुसरी फेक रिंगला न शिवता आत गेली. उपांत्य सामन्यापासून तो हात पहिल्यांदा हलका झाला होता.

जिंकले का, विचाराल. नाही जिंकले. बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला, आणि जादा वेळात चार गुणांनी हरले. मकरंदचा करारही पुढे वाढला नाही. संघाला तरुण माणूस हवा होता, त्यांनी सभ्यपणे पत्र पाठवून तसं कळवलं. आपल्या घरी दहावीचा निकाल लागतो तेव्हा कमी टक्के मिळालेल्या पोराकडे कोण उठून जातं, ते एकदा आठवून बघा, म्हणजे हा हरलेला सामना तुमच्याही लक्षात राहील.

पत्र आलं त्या आठवड्यात मकरंद पुन्हा गावी गेला. दुपारची वेळ होती. मंदाताईंनी दार उघडलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि, "ये. सारखी आठवण काढत असतात," एवढंच म्हणाल्या. सर आतल्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. त्या दिवसानंतर पंधरा दिवस ते अंथरुणाला खिळून होते, आता कुठे बसू लागले होते. मकरंद उंबऱ्याशीच थांबला.

"हरलो, सर."

"बघितलं."

"करारही गेला. पंधरा वर्षं झाली, आता पुढे काय करायचं, काही सुचत नाही."

सरांनी हात लांबवून खुर्चीला टेकवलेली काठी चाचपली, दोन्ही हातांनी ती घट्ट धरली आणि उठण्यासाठी एक झोका घेतला.

"सर!" मकरंद म्हणाला. "जागा सोडू नका. यायचं काम दुसऱ्यांचं."

सरांनी काठी सोडली. खोली लहानच होती, सहा-सात पावलांची. मकरंद ती चालून गेला, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात पुढे केला. सरांचा तळवा त्यावर येऊन टेकला, हलकाच, नेहमीइतकाच. मंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि चहा ठेवायला आत गेल्या.